टाचेची हाक

झुंबरअक्का म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यांत कमी बोलणारी बाई. तिचा नवरा हिलाल नाना तरुणपणी धुळ्याकडे एका जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाच्या त्या यंत्रांपाशी उभं राहून राहून त्याचे कान गेले. गावी परतला तोवर त्याला ढोलसुद्धा ऐकू येईना. मग अक्काने घरात बोलायचं कुणाशी? मुलगा नवल होता, तोही दहावी झाल्यावर सुरतेला गेला. मागे राहिली ही दोघं, दोन शेळ्या आणि बाजरीपुरतं रान.

नानाला बोलावायची तिची एक रीत होती. नाना लाकडी पलंगावर पडलेला असला, की ती पलंगाच्या पायाला टाच मारायची. ठक. फळीतून ते नानाच्या पाठीला कळायचं. जेवायला बसला असला, तर पाटाच्या कडेला टाच. अंगणात लांब असला तर त्याच्यापुढे गवरीचा तुकडा फेकायची, नाहीतर पदर हलवायची. गल्लीतली पोरं हसायची, म्हणायची, अक्का नानाला लाथा मारते. नाना त्यावर आपणच मोठ्याने हसायचा. बहिऱ्या माणसाचं हसणं मोठं असतं, त्याला त्याचा आवाज कळत नाही.

नवलचं लग्न झालं, सारिका सून म्हणून आली आणि त्याच्याबरोबर सुरतेला गेली. तो साड्यांच्या घड्या घालण्याच्या कामाला, ती खोलीवर बसून साड्यांना टिकल्या लावायची. कामिनी झाली तेव्हा बाळंतपणाला सारिका गावी होती. पोर रांगायला लागली आणि सारिकाला परत जावं लागलं. एका खोलीत दोन कुटुंबं, खाली गोंद आणि टिकल्यांचा पसारा, त्यात रांगतं पोर कसं ठेवणार? टिकल्या तोंडात घातल्या तर? मग कामिनी आजीकडे राहिली. इकडे साक्रीच्या भागात अर्ध्या गावाची नातवंडं अशीच आजीकडे असतात, त्यात वेगळं काही नव्हतं.

माझी पुनम आणि कामिनी एकाच वयाच्या, म्हणून मी हे सगळं जवळून पाहिलं. कामिनी नानाबरोबर त्याच पलंगावर निजायची, त्याच्या पाटावर त्याच्या मांडीत बसून जेवायची. अक्काने टाच मारली की नाना वळायचा आणि कामिनीही वळायची. दोन डोकी एकदम वळायची. आम्हाला त्याचं फार कौतुक वाटायचं.

पोर बोलत नव्हती. पुनमची टकळी चालू झाली तरी कामिनीचं आपलं बघणं चालू. डोळे मात्र असे, की माणसाच्या चेहऱ्यावरून हलायचे नाहीत. अक्का म्हणायची, नवलसुद्धा उशिरा बोलला होता. आणि मग मला एकटीला सांगायची, की मला फार काही नको, एकदा तिने मला आजी म्हणून हाक मारावी. नानाने पूर्वी अक्काला नावाने हाक मारलेली होती, पण आपला आवाज किती, हे त्याला कळेनासं झाल्यावर त्याने हाका मारणंच सोडलं होतं. घरातून हाक येणं अक्काला ठाऊक नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल.

तेव्हा आमची अंगणवाडी जीवराम आबाच्या माडीवर भरायची. खाली आबाचा चारा, वर लाकडी फळ्यांची जमीन आणि मुलं. मेघाताई अंगणवाडीच्या सेविका. मनाने चांगल्या. त्यांनीच मुलं तपासणारं डॉक्टरांचं पथक आलं तेव्हा कामिनीला पुढे केलं आणि सांगितलं, ही अजून एक शब्द बोलत नाही.

त्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी कामिनीच्या मागे खुळखुळा वाजवला. ती समोरच्या बाळाच्या टोपीकडे बघत राहिली. एवढ्या गोंधळात कोणत्या पोराचं लक्ष राहणार, असं डॉक्टर म्हणाले आणि अक्काला म्हणाले, "आजी, तुम्ही मागून हाक मारा बरं."

अक्काने हाक मारली, घरी मारायची तशी. तोंडाने "कामिनी" म्हणाली आणि फळीवर टाच मारली. कामिनी गर्रकन वळली आणि आजीकडे बघून हसली. सगळी माडी हसली. डॉक्टरही हसले. म्हणाले, कान चांगले आहेत, पोर लाडावलेली आहे, बोलेल. पुढचं बाळ आणा.

यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. अक्काच्या मनात हाक म्हणजे टाच हे इतकं मुरलं होतं, की आपण काही वेगळं केलं असं तिला वाटलंच नाही. आम्हालाही नाही. आम्ही सगळ्या तिथेच उभ्या होतो.

त्यानंतर श्रावणात कानबाई, आमची खान्देशची देवी, घरोघरी बसली. कानबाईला सुरतेची माणसं गावी येतातच, मग मालक सुट्टी देवो की न देवो. नवल-सारिका आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाईला निरोप द्यायला ढोल लावून सगळा गाव निघाला. बाकीची लहान पोरं ढोलाला भिऊन आईच्या कडेवर चढली आणि कामिनी सरळ ढोलवाल्यापाशी गेली. दोन्ही तळवे ढोलाला लावले, मग गाल लावला आणि खदखदून हसली. नवल म्हणाला, पोरीला गाण्याचं अंग आहे. सारिकाने मोबाईलमध्ये फोटो काढला.

नाना तिथेच उभा होता. तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "हाई पोर मन्हामायक शे." ही पोर माझ्यासारखी आहे. नवलने हसून मान हलवली आणि खुणेनेच विचारलं, नाक तुमचं का? बाकीचेही हसले. आजोबाला नात आपल्यासारखी वाटते, त्यात काय विशेष?

त्याच सुमाराला वरून मोहीम आली. तिचं नाव 'बोलतं गाव'. अंगणवाडीच्या भिंतीवर फलक लागला. त्यात एक हसरी आई आणि हसरं बाळ, खाली लिहिलेलं, बाळाशी बोला, गा, खेळा. महिन्याला पालकांची सभा. ज्या गावात एकही मूल मागे नाही, त्या गावाचा तालुक्यात सत्कार होणार, असं सरपंच योगराजभाऊंनी सांगितलं. योगराजभाऊ तसे कामाचे माणूस. अंगणवाडीची नवी इमारत त्यांनीच मंजूर करून आणली होती आणि सत्कार झाला तर पुढचं काही आणता येईल, हा त्यांचा हिशेब. वाईट हिशेब तो नव्हताच.

सभेला झुंबरअक्का कधी चुकली नाही. आयांच्या घोळक्यात ही एकटी म्हातारी, पुढे बसायची. तालुक्याहून अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाई यायच्या, त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, या बाळाची आई कुठे आहे? अक्का म्हणाली, सुरतेला. बाई म्हणाल्या, "म्हणूनच. ज्या घरात आई नाही आणि बोलणं नाही, ते बाळ मागेच पडणार. घरात तुम्ही दोघंच ना? आजोबांना ऐकू येत नाही. मग बाळाच्या कानावर शब्द पडणार कुठून?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, अक्का लाथेने बोलते. थोडं हसू झालं. अक्का खाली बघत बसली.

मेघाताईंनी सभा संपल्यावर बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, या मुलीला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात पाठवू या. मी पुनमची चप्पल शोधत तिथेच होते. बाई म्हणाल्या, तपासणीत कान चांगले निघालेत ना? मग पाठवायचं कशासाठी? पाठवलं की गावाचं एक मूल मागे दिसणार, वर मला उत्तर द्यावं लागणार. घरात बोलणं वाढवायला सांगा, बरीचशी मुलं तेवढ्यानेच सुधारतात. आईलाही फोन करून समज द्या. मेघाताईंनी हातातली वही मिटली. त्यांचीही नोकरी मानधनावरची.

सारिकाला फोन गेला. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या वेळी आली तेव्हा ती मला म्हणाली, वहिनी, पोटासाठी लांब राहिले तर मी वाईट आई झाले. तिचे डोळे भरले होते. जवळ राहायला जागा द्या, असं मात्र कुठल्या सभेत कुणी म्हणालं नव्हतं.

आणि इकडे अक्का बोलायला लागली.

जन्मभर गप्प राहिलेली बाई सकाळी उठल्यापासून बोलायला लागली. चुलीपाशी बसली की कामिनीला समोर बसवायची आणि सांगायची, "देख व माय, आते मी भाकर थापस. हाई पानी. हाऊ तवा." शेळीला पाला टाकताना शेळीची गोष्ट. अंगण झाडताना अंगणाची. पलीकडच्या ओट्यावर बसणाऱ्या ताईबाई, त्यांची जीभ तिखट, म्हणायच्या, अक्का, इतकी वर्षं कुठे साठवून ठेवलं होतंस हे? नानासाठी ठेवलं होतं, असं अक्का एकदा हसून म्हणाली. संध्याकाळी घसा बसायचा तिचा. मी तुळशीपाशी दिवा लावायला बाहेर यायचे तेव्हा तिचा तो बसका आवाज भिंतीपलीकडून यायचा. मला हरिपाठासारखा वाटायचा. मी देवाला म्हणायचे, बघ रे, ही किती करते.

कामिनी आजीच्या तोंडाकडे टक लावून बघायची. आणि एक दिवस तिचे ओठ हलायला लागले. आजीसारखेच. आजी "भाकर" म्हणाली की हिचे ओठ तसे मिटून उघडायचे. आवाज नव्हता. अक्का धावत माझ्याकडे आली, म्हणाली, बोलायला लागली गं, हळू बोलते, पण बोलते. मेघाताईंनाही बरं वाटलं. सभेत तालुक्याच्या बाईंनी अक्काला उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, बघा, आजीने मनावर घेतलं तर काय होतं. टाळ्या वाजल्या. पुढे गावाचा सत्कार झाला, मोठा फलक आला, तो ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागला.

नवी इमारत त्याच वर्षी तयार झाली. गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती, भिंतींवर मुळाक्षरं आणि फळं. नारळ फुटला, मुलं प्लास्टिकच्या चटयांवर बसली. पहिल्या दिवशी दुपारी अक्का कामिनीला न्यायला आली. कामिनी पाठमोरी बसून ठोकळे रचत होती. अक्काने दारातून "कामिनी" म्हटलं आणि टाच मारली.

कामिनी वळली नाही.

तिने पुन्हा मारली. मग जोरात. मी पुनमला घ्यायला आलेच होते, मी म्हटलं, अक्का, पाय दुखेल, जाऊन उचल तिला. मेघाताई म्हणाल्या, आज रमलीय, ऐकूनही न ऐकल्यासारखं करते. अक्का खाली फरशीकडे बघत उभी राहिली. आपली टाच जिथे पडली होती तिथे बघत होती. मग आत गेली, पोरीला कडेवर घेतलं आणि निघाली.

थोड्या वेळाने ती माझ्या घरी आली. कामिनी बरोबर होती. मला म्हणाली, तुझ्या देव्हाऱ्यातली घंटा दे. मला वाटलं, नवस वगैरे काही असेल. मी हात धुऊन घंटा दिली. अक्काने कामिनीला ओट्यावर, दगडावर, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. स्वतः मागे उभी राहिली आणि घंटा वाजवली.

आतल्या खोलीतून माझी पुनम पळत आली आणि प्रसादासाठी हात पुढे करून उभी राहिली.

कामिनी रस्त्यावरच्या कोंबडीकडे बघत होती. अक्काने घंटा तिच्या कानापाशी नेली. वाजवत राहिली. कोंबडी पलीकडे गेली तशी कामिनीची मान कोंबडीबरोबर गेली. पुनम आजूबाजूला बघत होती, आरती नाही, नैवेद्य नाही, नुसतीच घंटा.

अक्काने घंटा माझ्या हातात परत दिली. एवढंच म्हणाली, "नानानी सांगं होतं." नानाने सांगितलं होतं.

पुढचं सगळं झरझर झालं. नवल आणि सारिका आली, कामिनीला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, मेघाताई स्वतः बरोबर गेल्या. तिथे यंत्राने तपासलं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच ऐकू येत नाही. ऑपरेशन असतं, सरकार मदतही करतं, पण ते फार लहानपणी करायचं असतं. आता पाच वर्षांची होत आली. ऐकून बोलायला शिकण्याचं वय निघून गेलं. कानाचं मशीन देऊ, खुणांची शाळा बघा. आणि मग त्यांनी विचारलं, इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

हा प्रश्न तिथे सगळ्यांना एकदम विचारला गेला, पण तो येऊन पडला अक्काच्या अंगावर. घरी आल्यावर सारिका दारातच थांबली. सासूला ती आत्या म्हणायची. कधी वर मान करून न बोललेली ती मुलगी म्हणाली, "आत्या, दिवसभर तुम्ही तिच्याशी बोलायच्या. सकाळपासून बोलायच्या. तिला ऐकू येत नाही, हे तुम्हाला एकदाही कळलं नाही?"

अक्का चुलीपाशी जाऊन बसली. पुन्हा गप्प झाली ती तिथूनच.

मेघाताईंकडे वरून खुलासा मागितला गेला, की मूल हाताशी असताना लक्ष का दिलं नाही. योगराजभाऊ वाईट वाटून घरी येऊन गेले, पण फलक काही उतरला नाही. तालुक्याच्या बाईंची बदली झाली होती. नव्या बाई आल्या त्यांच्याबरोबर नवी मोहीम आली, तिचं नाव मी लक्षात ठेवलं नाही.

सुरतेत नवलच्या शेठच्या ओळखीने खुणांची एक शाळा सापडली, दिवसाची. सारिका म्हणाली, आता पोर माझ्याजवळ राहील, खोली वेगळी घेऊ, कसंही करू. त्याला कोण नाही म्हणणार? अक्कानेही नको म्हटलं नाही. नाना पलंगावर बसून सगळ्यांची तोंडं बघत होता. कामिनीला नेणार हे त्याला बांधलेल्या पिशव्यांवरून कळलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिकडे होते. सारिका भांडी आवरत होती, मध्येच हात पुसत सासूपाशी येऊन बसली.  मग म्हणाली, "आत्या, तुम्ही तिला हाक कशी मारता, ते मला दाखवा."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. उठली. कामिनी नानाजवळ पलंगावर पाठमोरी बसली होती. अक्काने सुनेचा पाय हाताने धरला, टाच पलंगाच्या पायाला कुठे लावायची ते दाखवलं. जोरात नाही, अशी, हळू. सारिकाने मारली. नाना वळला, कामिनी वळली. सारिकाला रडू फुटलं. इतक्या वर्षांत तिच्या हाकेला पोर पहिल्यांदाच वळली होती.

रडू आवरल्यावर म्हणाली, पण सुरतेच्या खोलीत सगळी फरशीच आहे.

मग अक्काने नानाचा जेवायचा पाट घेतला, घासून पुसला आणि गोणपाटात गुंडाळून त्यांच्या सामानात ठेवला. म्हणाली, यावर बसव तिला. नाना भुईवर बसेल.

सकाळी साक्रीच्या स्टँडवर मी अक्काबरोबर गेले. नाना आला नाही. सुरतेची बस लागली, गर्दी होती, नवलने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. कामिनी खिडकीपाशी बसली, पण तिचं तोंड आत, आईच्या हातातल्या केळ्याकडे. अक्का खाली उभी. खिडकी उंच, हात पोचत नव्हता. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पायाखाली सिमेंट होतं. तिने एकदा टाच उचलली आणि तशीच खाली ठेवली.

मग पुढे झाली आणि तळहाताने बसच्या पत्र्यावर जोरात थाप मारली. एक, आणि लगेच दुसरी.

कामिनी गर्रकन वळली. आजी दिसली तशी हसली. काच आता बंद होती. तिचे ओठ हलले. दोनदा हलले, नीट, आधी उघडे, मग दात दिसले असे.

पण बसच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या की ड्रायव्हरला वाटतं, झालं, निघा. त्याने गिअर टाकला. बस हलली. नवल घाईघाईने हात हलवत राहिला, कामिनी काचेला नाक लावून मागे मागे बघत राहिली. बस नवापूरच्या रस्त्याला लागली.

आम्ही गावाकडच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. अक्का आपला तळहात बघत होती. लाल झाला होता. ती म्हणाली, "काय म्हननी ती?"

मी म्हटलं, आजी म्हणाली.

ती माझ्याकडे वळली. "तुले ऐकू उनं?" तुला ऐकू आलं?

मी म्हटलं, नाही.